गुलमोहराची वठलेली फांदी

घराजवळच्या बागेत मी २०१९पासून बहुतेक रोज सकाळी कॅमेरा घेऊन जाते. बाग मोठी नाही. कोथरूड-कर्वेनगरच्या बाजूला अशा बऱ्याच बागा आहेत आणि ही नेमकी कोणती, ते मी मुद्दामच लिहीत नाही. कारण पुढे ज्या झाडाबद्दल लिहायचे आहे त्याचा ठावठिकाणा चौघांना कळला की आठवड्याभरात चाळीस जणांना कळतो. शहरातील दुसऱ्या एका ठिकाणी पिंगळ्याच्या जोडीची ढोली अशीच कर्णोपकर्णी झाली, रविवारी सकाळी तिच्याखाली तिपाया मांडायला जागा उरेना, आणि तिसऱ्या आठवड्यात पिंगळे तिथे नव्हते. ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आमच्या बागेत चालण्यासाठी आखलेला गोल रस्ता, हास्यक्लबाचा कट्टा, व्यायामाची साधने, मुलांची घसरगुंडी, असे पुण्याच्या कुठल्याही बागेत असते ते सगळे आहे. त्याखेरीज एक जुना वड, दोन पर्जन्यवृक्ष, करंजांची रांग, एक शिरीष आणि कुंपणालगत एक म्हातारा गुलमोहर आहे. या गुलमोहराची एक आडवी फांदी पार वठलेली होती. दंडाएवढी जाड, साल गळून गेलेली, राखाडी पडलेली. मे महिन्यात सगळे झाड लालभडक झाले तरी तेवढी फांदी हाडासारखी उघडी राहायची. मी दोन वर्षे तिच्याखालून गेले आणि मान वर करून पाहिले नाही.

ती दोन वर्षे मी यादी वाढवण्यात घालवली. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी, कवडीला चक्रवाक आणि शेकाटे, सिंहगडाच्या दरीत स्वर्गीय नर्तक, पाषाण तलावावर हळदी-कुंकू बदके. पहाटे चारला निघायचे, पाच-सहाशे फोटो घेऊन परत यायचे आणि नवा पक्षी मिळाला की दिवस सार्थकी लागला असे समजायचे. हे वाईट होते असे मी म्हणत नाही. पक्षी ओळखायला मी तिथेच शिकले. पण तेव्हाच्या फोटोंकडे आज पाहिले तर त्यांत पक्षी दिसतो, तो काय करीत होता ते दिसत नाही.

मग २०२० साली टाळेबंदी आली आणि बागांना कुलपे लागली. त्या एप्रिलमध्ये, रस्त्यावर वाहने नसताना, बागेकडून दिवसभर येणारा तांबटाचा ‘टुक टुक टुक’ आवाज घरात बसून ऐकू येत असे. एका लयीत, न थकता. या पक्ष्याचे नाव आपल्या लोकांनी किती कान देऊन ठेवले आहे, ते ज्याने कसबा पेठेतील तांबट आळीत उभे राहून तांब्याच्या भांड्यावर पडणारा हातोडा ऐकला आहे त्याला सांगावे लागणार नाही. आवाज ओळखीचा होता, पण तो कुठून येतो हे मला ठाऊक नव्हते. बाग उघडल्यावर मी ते शोधायचे ठरवले.

फोटोच्या प्रत्येक फाइलसोबत तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते, म्हणून मला हे अचूक सांगता येते की वठलेल्या फांदीवरचा तांबट मला प्रथम दिसला तो ६ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ७ वाजून ४१ मिनिटांनी. तो फांदीच्या खालच्या अंगाला उलटा लटकून चोच मारीत होता. चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळावर लाल ठिपका, गळा पिवळा आणि त्याखाली लाल पट्टा. त्या दिवशी तिथे जेमतेम खळगा झाला होता. पुढचे १९ दिवस मी दुसरा एकही पक्षी शोधला नाही.

तांबटाची ढोली फांदीच्या खालच्या बाजूला असते, याला कारण आहे: पाऊस आत शिरत नाही आणि वरून चाल करून येणाऱ्याला दार सहज सापडत नाही. फोटो काढणाऱ्याची मात्र यात पंचाईत होते. खालून कॅमेरा रोखला की मागे पांढरे आकाश, पुढे सावलीतली फांदी, आणि पक्षी म्हणजे नुसती काळी आकृती. एक्स्पोजर दीड-दोन पायऱ्या वाढवले तर पक्ष्याचा रंग येतो, पण आकाश फटफटीत होते. आठवडाभर वाईट फोटो काढल्यानंतर लक्षात आले की सूर्य कुंपणाच्या भिंतीवर आल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटे ऊन जवळजवळ आडवे येते आणि फांदीच्या खालच्या अंगाला पोहोचते. त्या वेळात ढोलीच्या काठावरचा लाकडाचा प्रत्येक तंतू दिसतो, पक्ष्याच्या चोचीभोवतीचे राठ केस दिसतात. नंतर सूर्य चढला की ते दार पुन्हा सावलीत जाते. म्हणून मी रोज त्या वीस मिनिटांसाठी जाऊ लागले. पंधरा पावलांवर करंजाच्या खोडाला पाठ लावून उभे राहायचे, ४०० मिलिमीटरची लेन्स, शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाहून वेगवान. नर आणि मादी आळीपाळीने काम करीत. एक आत शिरला की नुसती शेपटी बाहेर राहायची, मग काही वेळाने डोके बाहेर यायचे आणि चोचीतला भुगा खाली झटकला जायचा. झटकलेला भुगा उन्हात सोनेरी दिसतो. माझ्या संग्रहातील मला सर्वांत आवडणारा फोटो तोच आहे: पक्ष्याचे डोळे अर्धवट मिटलेले, आणि खाली हवेत लटकलेल्या पाच-सहा ढलप्या.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ढोलीच्या तोंडाशी पिल्लाचे डोके दिसले. त्याच्या कपाळावर लाल रंग नव्हता. तो पुढे येतो. आईबाप वडाची आणि उंबराची फळे आणून भरवीत होते. ३० एप्रिलनंतर ढोली रिकामी झाली आणि मी समजले की गोष्ट संपली.

तसे झाले नाही. डिसेंबरात एका संध्याकाळी, सहाला पाच मिनिटे कमी असताना, एक तांबट आला, इकडेतिकडे न पाहता सरळ त्याच भोकात शिरला आणि बाहेर आला नाही. मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांच्या अशा झोपायच्या जागेसाठी ‘रातनिवारा’ हा सुंदर शब्द मराठीत रुजवला. तो शब्द माझ्या वाचनात होता, पण त्या संध्याकाळी तो मला समोर दिसला. पुढे महिनाभर मी अधूनमधून जाऊन पाहिले. वेळ पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त चुकली नाही.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०२२च्या फेब्रुवारीत, तांबटांनी त्याच फांदीवर हातभर अंतरावर नवी ढोली कोरली, आणि मार्चमध्ये जुन्या ढोलीत वेगळाच पक्षी ये-जा करताना दिसला. पहिल्या दिवशी मी साधी चिमणी म्हणून सोडून दिला. घरी फोटो मोठा करून पाहिल्यावर खांद्यावरचा तपकिरी-तांबूस पट्टा आणि गळ्यावरचा पिवळा डाग दिसला, आणि मी खुर्चीवरून उठलेच. ती पीतकंठी चिमणी होती. डॉ. सलीम अली यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली, आणि तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून कुतूहलाने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे नेलेली चिमणी हीच. त्या एका पिवळ्या डागातून एका माणसाचे सगळे आयुष्य पक्ष्यांकडे वळले. हा पक्षी स्वतः लाकूड कोरू शकत नाही. झाडातली आयती पोकळी त्याला लागते, आणि तांबट किंवा सुतार पक्ष्याने सोडलेली ढोली त्याला अगदी मापाची होते. म्हणजे तांबटाने एका वर्षी केलेले काम दुसऱ्या वर्षी दुसऱ्याचे घर झाले होते.

त्याच हिवाळ्यात फांदीच्या निष्पर्ण टोकावर वेडे राघू बसू लागले होते. त्यांना उघडी बैठक हवी असते. तिथून ते झेप घेतात, हवेतच माशी टिपतात आणि परत त्याच जागी येऊन बसतात. मधमाशी असेल तर तिला फांदीवर आपटून, घासून, नांगी काढून मगच गिळतात. पानांनी भरलेल्या फांदीवरून त्यांना ना किडा दिसतो, ना सरळ झेप घेता येते. फोटो काढणाऱ्यालाही ही सवय सोयीची आहे: उडणाऱ्या राघूमागे लेन्स फिरवण्यापेक्षा त्याच्या परतीच्या जागेवर फोकस ठेवून थांबावे. एकदा शिक्रा त्या टोकावर येऊन बसला आणि सगळी बाग क्षणात गप्प झाली. फक्त खारी ओरडत राहिल्या. कोतवाल तर तिथला रोजचाच. एका फांदीवर दोन वर्षांत मी २३ जातींचे पक्षी नोंदवले, आणि ती फांदी मेलेली होती.

मे २०२३मध्ये मी लग्नकार्यासाठी आठवडाभर नाशिकला गेले. परत आले तेव्हा पावसाळ्यापूर्वीची छाटणी उरकली होती. गुलमोहराच्या खोडावर ताजा, पिवळसर, पुरणपोळीएवढा गोल काप होता आणि खाली थोडा भुगा. फांदीचे ओंडके केव्हाच गाडीत भरून गेले होते. निघण्यापूर्वीचा माझा शेवटचा फोटो १४ मेचा आहे. त्यात तांबटाच्या चोचीत उंबर आहे, आणि तो ढोलीकडे तोंड करून बसला आहे. उंबर चोचीत घेऊन पक्षी ढोलीशी का जातो, हे इथवर वाचणाऱ्याला सांगायला नको. तो फोटो मी कुणाला दाखवला नाही.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना इजा करण्याचा समावेश आहे, हे मला नंतर वाचून कळले. पण मी कुणावर आरोप करायला गेले नाही, कारण ज्यांनी फांदी तोडली त्यांना त्यात घरटे असते हेच माहीत नव्हते. फांदीच्या खालच्या बाजूचे रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे भोक कोणाला दिसणार? मलाच दोन वर्षे दिसले नव्हते.

बागेत गेली कित्येक वर्षे काम करणारे एक वयस्कर माळी आहेत, त्यांना मी मामा म्हणते. त्यांच्याशी बोलले तेव्हा ते म्हणाले, “ताई, वाळकं लाकूड कधी पडेल याचा नेम नाही. खाली लेकरं खेळतात. उद्या कुणाच्या डोक्यात पडली तर विचारणार कुणाला? मलाच ना?” यात चुकीचे काहीच नव्हते. पावसाळ्यात पुण्यात झाडे आणि फांद्या पडून माणसे जखमी होतात, जीवही जातात, आणि पक्ष्यांच्या प्रेमापोटी हे दृष्टीआड करणे मला पटत नाही. मी त्यांना फक्त कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवले: भुगा झटकणारा तांबट, पिल्लाचे डोके, पीतकंठी चिमणी. त्यांनी चष्मा काढून, पडदा डोळ्यांजवळ नेऊन, पुन्हा पुन्हा पाहिले. “हे आपल्या गुलमोहरात होतं?” एवढेच विचारले.

त्यानंतर आम्ही दोघे बागेत एक चक्कर मारून आलो. जी वाळकी फांदी रस्त्यावर, बाकड्यावर किंवा घसरगुंडीवर येते ती काढायची, यावर वाद नव्हता. पण कुंपणाच्या कोपऱ्यातील शिरीषाची वाळकी फांदी खाली कोणी जात नाही अशा जागी होती. ती मुळापासून न कापता टोकाकडचा जड भाग उतरवायचा, चार-पाच फूट खुंट ठेवायचा आणि खाली कोरांटीची रोपे लावून माणसांना थोडे लांब ठेवायचे, असे मामांनीच सुचवले. वरिष्ठांना त्यांनी काय सांगितले ते मी विचारले नाही. तो खुंट आजही आहे.

त्या चकरेत पालापाचोळ्याचाही विषय निघाला. करंजांखालची जमीन रोज खराट्याने साफ होत असे, अगदी अंगणासारखी. माझ्याजवळ नवरंगाचे दोनच फोटो आहेत, दोन्ही जूनच्या पहिल्या आठवड्यातील, पाऊस टेकलेला असतानाचे, आणि दोन्ही कुंपणाच्या त्या अरुंद पट्ट्यातील जिथे खराटा पोहोचत नाही. प्रवासातून आलेला तो नऊ रंगांचा पक्षी ओली पाने चोचीने उलटीपालटी करून गांडुळे आणि किडे शोधत होता. सातभाईंचे थवेही तेच करतात, आणि सातभाई टिकले तर त्यांच्या घरट्यांत अंडी घालणारे पावशा आणि चातक टिकतात. मामांनी आता करंजांखालचा मागचा अर्धा भाग झाडायचा बंद केला आहे. बागेत येणाऱ्या एक-दोन जणांनी अस्वच्छतेची तक्रार केली, तीही त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. माझ्या मते बागेच्या स्वच्छतेची आपली कल्पना फरशी पुसण्यावरून आलेली आहे, आणि जमिनीला ती लागू होत नाही. वेताळ टेकडी आणि तळजाईवर गिरिपुष्पाची एकसारखी, बारीक खोडांची लागवड पाहतानाही मला हेच वाटते: दुरून हिरवे दिसते, पण जुने खोड, पोकळी, वठलेला शेंडा असे काही त्यात क्वचितच सापडते.

घरट्यांच्या फोटोंबद्दल एक गोष्ट लिहायलाच हवी. अगदी सुरुवातीला, २०१९च्या पावसाळ्यात, बागेतील एका झुडपात शिंपी पक्ष्याचे घरटे मला सापडले होते. दोन पाने कडेकडेने टाचून, त्यांत कापूस भरून केलेला तो द्रोण एवढा नीट शिवला होता की टाके मोजता येत होते. समोर आलेले एक पान फोटोच्या आड येत होते म्हणून मी ते दोऱ्याने बाजूला बांधले, चार फोटो काढले आणि दोरा सोडला. पान मात्र वाकलेलेच राहिले. दुसऱ्या दिवशी घरटे फाटलेले होते. भारद्वाजाने फाडले की कावळ्याने, ते मी पाहिले नाही. पण वाट मी करून दिली होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही. ते चार फोटो मी ठेवले आहेत आणि अधूनमधून उघडून पाहते. तेव्हापासून मी पानाला हात लावत नाही, मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावत नाही, आणि चोचीत चारा घेऊन पक्षी नुसताच बसून राहिला, आत जाईना, तर मी फार जवळ आहे असे समजून मागे सरकते. किती पावलांवर उभे राहायचे हे पक्ष्याने ठरवायचे असते, आणि तो ते स्पष्ट सांगतो.

शिरीषाच्या त्या खुंटावर पहिल्या वर्षी काहीच झाले नाही. राघू बसले, कोतवाल बसला, सुतार पक्ष्याने एकदा येऊन लाकूड ठोकून पाहिले आणि निघून गेला. लाकूड पुरेसे मऊ व्हायला काळ जावा लागतो, एवढे मला कळत होते, तरी फेब्रुवारीतील प्रत्येक सकाळी मी आधी तिकडे जात असे. फेब्रुवारीतच जगभर घरामागच्या पक्ष्यांची चार दिवस गणना होते. त्या वर्षी मी आमच्या बागेची यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरली तेव्हा तांबटाच्या पुढे ‘फक्त आवाज’ असे लिहावे लागले.

यंदा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फाटकातून आत शिरते तोच मामांनी लांबूनच हात केला. “ताई, तुमचा पक्षी आलाय. भुगा पडलाय बघा.” मी कोपऱ्यात गेले. रस्ता, कट्टा, करंजांचा पुढचा भाग, सगळे सकाळीच झाडून झाले होते. कोरांटीच्या रोपांमागे, खुंटाच्या बरोबर खाली, हातभर जागा तेवढी झाडलेली नव्हती, आणि तिच्यावर पिठासारखा फिकट भुगा आणि बारीक ढलप्या पडल्या होत्या. वर पाहिले तर खालच्या अंगाला नाण्याएवढे गोल भोक पडले होते, आणि त्यातून हिरवी शेपटी तेवढी बाहेर होती. ऊन अजून भिंतीच्या वर आले नव्हते. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, ३२००वर नेऊनही शटर मंदच राहत होते. मी एकच फोटो घेतला. त्यात शेपटी अस्पष्ट आहे आणि भुग्याची एक रेघ खाली ओघळताना दिसते. वेळ ६ वाजून ५८ मिनिटे.